जुजबंदी

तो दोरा तिचा नव्हता.

वाचनालयाच्या खिडकीपाशी जाऊन तिने पुस्तक पुन्हा मधोमध उघडलं. घडी घातलेल्या पानांचा एकेक गठ्ठा, म्हणजे बाइंडरांच्या भाषेत जुज, जिथे पूर्ण उलगडतो तिथेच त्याच्या पोटातली शिवण दिसते. पिवळसर, मेण लावलेला दोरा एका भोकातून वर येऊन दुसऱ्या भोकात निमूट शिरला होता. गाठ कुठेच नव्हती. तिने पुढचं जुज उलगडलं, त्याच्या पुढचं उलगडलं, मग थेट शेवटचं. छे! औषधालाही गाठ नाही. आणि तिने तर प्रत्येक जुज स्वतंत्र दोऱ्याने शिवून प्रत्येकाला स्वतंत्र गाठ मारली होती. पांढऱ्या दोऱ्याची, उलटसुलट पडून घट्ट बसणारी ती गाठ, जी आख्खं आयुष्य तिने माणसांच्या पोटांवर मारली. पुठ्ठा तिचाच होता. खालच्या कोपऱ्यात कापड जरा जाड दुमडलं गेलं होतं, तेही तिचंच. पाठीवरचं लेबल तिनेच चिकटवलं होतं, श्वास रोखून. आतली शिवण तेवढी दुसऱ्याच कुणाची. "सापडलं ना तुमचं पुस्तक?" ग्रंथपाल बाई टेबलामागून म्हणाली. "बाइंडिंगच्या दुकानातल्या मावशींनी सांगितलं होतं हो, डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातांनी बांधलंय म्हणून. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. एवढं नाव कमावल्यावर, या वयात, हे असलं काही नव्याने शिकायचं म्हणजे! कौतुक वाटतं हो तुमचं."

कौतुक. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पुस्तक स्वतःच्या नावावर नोंदवून घेऊन ती तरातरा जिना उतरली आणि रस्त्याला लागली, तरी तो शब्द कानाशी गुणगुणत होताच. हॉस्पिटल सोडल्यापासून जो भेटेल तो कौतुक घेऊनच यायचा. नवऱ्याचं तर विचारायलाच नको. घरी कुणी आलं की आधी तिने बांधलेली डायरी बाहेर. "आमच्या बाईसाहेबांनी नवं खूळ काढलंय बरं का," असं म्हणायचं आणि वर अशा नजरेने बघायचं की जणू घरातल्या लहान पोरीने स्टुलावर उभं राहून गाणं म्हटलंय. लेकीचा फोन आला की, "आई, कसली भारी आहेस गं तू!" लेकीला एक पेटी करून पाठवली होती, कागद ठेवायला. तिचं झाकण बसत नव्हतं. लेकीने झाकण बाजूला ठेवून पेटीचा फोटो काढला आणि तो जगाला दाखवला, नि जगाने त्यावर बदाम टाकले. आणि ती मासिकवाली! हातात फोन धरून दोन तास बसली, आणि छापून काय आलं, तर 'नवी इनिंग'. क्रिकेटचं तिला आयुष्यात काडीचं कळलं नव्हतं. "मॅडम, आमच्या वाचकांना काय संदेश द्याल?" "खळ पातळ करू नका," असं ती म्हणाली होती. खरंच तेवढंच तिला नक्की ठाऊक होतं त्या दिवसापर्यंत. ते त्यांनी गाळलं.

चौकातला सिग्नल लाल होता. ती थांबली, पण आत काही थांबेना. शिवलं तरी कुणी? आणि कधी? तिने ते पुस्तक संध्याकाळी शिवून दुकानातच दाबाखाली ठेवलं होतं, सकाळी येऊन पाठीला खळ लावली, पट्टी चढवली, पुठ्ठा बसवला. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तिची सगळी शिवण उसवली, जुजं सुटी केली, पुन्हा शिवली, आणि पुन्हा तशीच दाबाखाली ठेवली. आणि सकाळी तिने, जिच्या नजरेतून पोटात राहिलेला कापसाचा बोळा कधी सुटला नाही, तिने त्या परक्या शिवणीवर खुशाल खळ फासली होती. शीळ घालत! शीळ घातली होती तिने त्या सकाळी, नक्की आठवतंय, कारण दुकानातला कागद कापणारा गडी, पोपट, म्हणाला होता, "डॉक्टरबाई आज फॉर्मात." म्हणजे पोपटालाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्याचं पोट पुन्हा उघडून शिवावं आणि त्यालाच पत्ता लागू नये, तसं झालं हे. सिग्नल कधी सुटला ते तिला कळलं नाही. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा ती दचकून पुढे झाली आणि चालता चालता उगाचच त्याच्यावर खेकसली.

तिला राग नेमका कसला आला होता? टाके उसवल्याचा? अंहं. टाके काय, तिने दुसऱ्यांचे ढिगाने उसवले होते. हॉस्पिटलातल्या त्या ढापण्याचे तर इतक्यांदा की त्याची गणतीच नको. जाड भिंगांचा, घामट हातांचा, बोलताना अडखळणारा तो पोरगा तिच्या हाताखाली आला तेव्हा सगळे म्हणाले होते, हा टिकायचा नाही. एकदा त्याने पोट शिवलं आणि तिने सगळ्यांदेखत कात्री घेतली, कच कच कच, सगळे टाके कापले आणि म्हणाली, "परत." त्याने परत शिवलं. "परत." तिसऱ्यांदा शिवताना त्याच्या भिंगांवर आतून वाफ धरली होती, पुसायला हात मोकळे नव्हते, नर्सने पुसून दिली. नंतर नर्स तिला म्हणाली होती, "फार कठोर आहात हो तुम्ही, मॅडम. पोरगा मोरीत जाऊन रडतोय." रडू दे, असं तिला वाटलं होतं. रडेल आणि येईल. आला. आज तिच्या खुर्चीवर तो बसतो. आणि दुसरा एक होता, गोरा, गोड बोलणारा, तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं की याच्यात काही राम नाही. त्याला ती काय म्हणायची? "छान." त्याने शिवलं की, छान. तो हात धुवायला गेला की नर्सला डोळ्यांनी खूण करायची, आणि स्वतः सगळं उसवून पुन्हा शिवायची. त्याच्यावर ओरडण्यात तिने कधी श्वास वाया घालवला नाही. तो सगळ्यांना सांगत सुटायचा, मॅडम माझ्यावर खूश आहेत म्हणून.

तेव्हा 'छान'चा अर्थ तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. "छान केलंत हो, डॉक्टरबाई," असंच मावशी म्हणाल्या होत्या त्या संध्याकाळी, चष्मा कपाळावर चढवून. आणि ती घरी जाऊन नवऱ्याला वर तोंड करून सांगत बसली की हे बाइंडर लोक एकाच दोऱ्याने आख्खं पुस्तक शिवतात, एके ठिकाणी तुटलं की सगळं सैल, मी सुधारणा केलीय, सुटा टाका, सुटी गाठ, एक गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. नवरा म्हणाला, कमाल आहे! डोंबलाची कमाल. आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत तिला एक उंच, पांढऱ्या केसांची, तोंड वाकडं केलेली बाई तिच्याबरोबरच चालताना दिसली, काखेत पुस्तक, ओठ हलताहेत. आता रस्त्यात एकटीच बोलायला लागले की काय मी, असं म्हणत तिने ओठ मिटले.

पर्समध्ये फोन थरथरला. तिला ठाऊक होतं, ढापण्याच असणार. आठवडाभर तो मागे लागला होता. "मॅडम, तुमच्यासाठी खोली तयार ठेवलीय. कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची. सल्लागार म्हणून या. ऑपरेशन करू नका हवं तर, नुसत्या उभ्या राहा. पोरं तुम्हाला बघूनच सरळ होतील. फक्त आज संध्याकाळपर्यंत सांगा, उद्याच्या मीटिंगमध्ये नाव घालायचंय." सकाळी घरातून निघताना तिने ठरवलं होतं, नाही म्हणायचं. आता या घटकेला तिला ती खोली डोळ्यांपुढे दिसत होती. त्या मजल्याचा वास, हात धुवायच्या नळाची कोपराने उघडायची दांडी, मागे न बघता हात पुढे केला की तळव्यावर बरोब्बर हवं तेच अवजार. तिथे ती चुकत नव्हती. चुकत नव्हती म्हणूनच तर सोडलं होतं ना! कुणाला पटलं नव्हतं ते. हात थरथरतो का? नाही. कुणाशी भांडण? नाही. मग चांगलं चाललं होतं की! काय सांगायचं यांना, की एका दुपारी ऑपरेशन चालू असताना तिच्या लक्षात आलं, कितीतरी वेळ या खोलीत फक्त आपलाच आवाज ऐकू येतोय. तिने मुद्दाम एक चुकीची गोष्ट सांगितली, क्षुल्लकशीच, आणि सगळे म्हणाले, हो मॅडम. तिने स्वतःच ती दुरुस्त केली. पुन्हा हो मॅडम. त्याच आठवड्यात तिचं जुनं शस्त्रक्रियेचं जाडजूड पुस्तक पाठीतून फाटून दुभंगलं, ते घेऊन ती मावशींच्या बाइंडिंगच्या दुकानात गेली, आणि नुसती बसून राहिली, शटर खाली येईपर्यंत. कुणाच्या तरी हातांकडे इतका वेळ, चूक न काढता, तिने किती वर्षांत बघितलं नव्हतं. मला शिकवाल का, असं तिने विचारलं तेव्हा मावशी हसल्या होत्या. ते हसणं तिने तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

दुकान गल्लीच्या आतल्या अंगाला होतं. दारातच मावशींचा आवाज. "अरे गाढवा, कागदाचे तंतू कुठल्या दिशेला गेलेत बघ! पुठ्ठा आडवा, कागद उभा, वाकडा होणार नाही तर काय सरळ राहणार? डोळे घरी ठेवून आलास काय रे?" "चुकलं, मावशी," पोपट म्हणाला. चाळिशीचा, टकलाचा, दोन पोरांचा बाप, आणि मान खाली घालून कापलेला पुठ्ठा असा उचलत होता की ती उंबऱ्यातच थबकली. काय वाटलं असेल तिला? तर हेवा. साफ हेवा वाटला त्या माणसाचा. ओरडताहेत त्याच्यावर, गाढव म्हणताहेत, आणि उद्या तो पुन्हा येणार हे त्या शिव्यांमध्येच धरलेलं आहे. "या या, डॉक्टरबाई," मावशींचा आवाज लगेच मऊ झाला, खळीचा हात फडक्याला पुसत त्या उठल्या. "बसा. दमला असाल. उन्हातनं आलात." मावशी तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, गुडघे दुखतात म्हणून बसतानाही टेबलाला धरून बसायच्या, आणि उठल्या मात्र तिच्यासाठी.

तिने पुस्तक टेबलावर आपटलं आणि मधोमध उघडलं. "मावशी, हे कुणी शिवलंय?"

"अहो, तुम्हीच की!"

"मावशी."

मावशींनी पोपटाकडे बघितलं. पोपट म्हणाला, "मी जरा चहाचं बघतो," आणि पुठ्ठा तसाच टाकून बाहेर सटकला. मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग काय करायचं होतं मी? त्या गाठींनी पाठ फुगली होती हो. मधलं पान उघडेना. उघडलं की मिटायचं. वाचणारा काय दोन्ही हातांनी दाबून वाचणार? वाचनालय आमचं जुनं गिऱ्हाईक. तसंच देऊ?"

"तसंच नका देऊ! कोण म्हणतंय द्या! पण मला सांगायचं ना! माझ्यासमोर उसवायचं ना!"

"तुम्हाला काय सांगायचं?" मावशी खरोखरच गोंधळल्या होत्या. "एवढ्या मोठ्या डॉक्टर तुम्ही. हौसेनं येता. इतकी मन लावून शिवत होतात, घाम आला होता कपाळावर, आणि मी म्हणू चुकलं? जिवावर आलं माझ्या. आम्हाला तर कौतुकच—"

"नाव काढू नका कौतुकाचं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेर पोपटाने कप आपटल्याचा आवाज आला. "कौतुक, कौतुक, कौतुक! लोक कुत्र्याला शेकहँड करायला शिकवतात आणि मग असंच कौतुक करतात! पोपटाला गाढव म्हणता, मला का नाही म्हणत? त्याच्यापेक्षा मी काय वाईट काम करते?"

"पुष्कळ वाईट करता," मावशींच्या तोंडून निघून गेलं.

मावशींनी जीभ चावली. तिला मात्र छातीवरचं काहीतरी जरासं सरकल्यासारखं वाटलं, पण राग काही गेला नाही. तिने खुर्ची ओढली. "मग?" ती म्हणाली. "बोला ना पुढे."

"पुढे काय," मावशी म्हणाल्या, आणि आता त्याही वैतागल्या होत्या. "खरं ऐकायचंय ना? ऐका. पोपट इथे राहणार आहे. त्याच्यावर मी घसा कोरडा करते, कारण मी नसेन तेव्हा हे त्यालाच बघायचंय. तुम्ही चार महिने याल, फोटो काढाल, मासिकात येईल, आणि मग दुसरं काहीतरी घ्याल शिकायला. किंवा जाल परत हॉस्पिटलात. जाणारच. पाहुण्यावर कुणी ओरडतं का? पाहुण्याने ताट उष्टं टाकलं तरी आपण म्हणतो, पुरे झालं का हो. मी तुम्हाला पाहुणीच धरून चालले होते."

पाहुणी. या शब्दाने ती जशी थिजली, तशी मघाच्या दोऱ्यानेही थिजली नव्हती. मी पाहुणी नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि पर्समध्ये फोन पुन्हा थरथरायला लागला. कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या. मावशी पर्सकडे बघत होत्या. ती स्वतः पर्सकडे बघत होती. खोटं काय बोलली ही बाई? सकाळपासून इथवर येईस्तोवर निम्मी वाट ती मनाने त्या खोलीत जाऊन आलीच होती. फोन थांबला. तिने पर्स उचलून खालच्या फळीवर, कागदाच्या रद्दीत ठेवली, ॲप्रन चढवला, बाह्या वर सारल्या आणि शिवायच्या चौकटीसमोर जाऊन बसली. "जुजं द्या," ती म्हणाली. "आणि तो मेणाचा दोरा. आणि उभ्या राहा इथे. हलायचं नाही."

मावशींनी कुठल्याशा फाटक्या वहीची जुजं सोडवून तिच्यापुढे ठेवली. तिने सुई घातली, बाहेर काढली, पुढच्या भोकात घातली. एक जुज, दुसरं. बोटं आपसूक गाठीकडे वळली, तिने ती आवरली. दोरा मात्र तिने ओढला, आयुष्यभर ओढला तसाच, जखमेची कड कडेला भिडेपर्यंत. कागदाला भोकापाशी बारीकशी चीर पडली. तिच्या लक्षात आली, मावशींच्या आधी आली, तरी ती पुढे शिवत राहिली, मावशी काय म्हणतात बघू म्हणून. मावशी काही म्हणेनात. मग त्यांनी टेबलावरची कात्री घेतली, घुटमळल्या, आणि कापलं. कच, कच. "परत," मावशी म्हणाल्या. अगदी हळू, कुणी ऐकेल की काय असं.

तिने परत शिवलं. या वेळी कात्री चालवताना मावशी घुटमळल्या नाहीत. रद्दीतली पर्स अशी काही घरघरायला लागली की पोपट चहाचे कप घेऊन आत येता येता म्हणाला, "अहो घ्या तो, नाहीतर येतील इथे तुम्हाला न्यायला." तिने मेणचट दोन बोटांनी फोन धरला. "मॅडम!" ढापण्या पलीकडून घाईघाईने म्हणाला. "तुमचं नाव घालू ना? सगळे वाट बघताहेत." "नको घालूस," ती म्हणाली. "नाही जमणार मला. आज नाही, उद्याही नाही. आत्ताच माझे टाके काढलेत, दोनदा." "अरे बापरे! ऑपरेशन कधी झालं मॅडम? कुणी केलं? दोनदा का काढले, पिकलं का? मला नाही का सांगायचं! मी येतो आत्ता—" "अरे बाबा," ती म्हणाली, आणि तिला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना, "पिकलं वगैरे काही नाही. वाईट शिवलं होतं. मीच शिवलं होतं. तुला ठाऊक आहे, कसं वाटतं ते." तो म्हणाला, "हो मॅडम." आणि मग, त्या 'हो'हून वेगळ्या, जुन्या अडखळत्या आवाजात, "पण मॅडम, मोरीत जाऊन या आधी. मला बरं वाटायचं."

ती मोरीत वगैरे गेली नाही. चौकट पुढे ओढली आणि तिसऱ्यांदा सुई ओवायला घेतली. दोरा काही नेढ्यातून जाईना. संध्याकाळ होत आली होती, उजेड कमी, चष्मा मेणाने माखलेला. मावशी डोक्याशी उभ्या होत्या, गुडघा चोळत. पोपट दाराकडचं शटर अर्धं ओढून चपला शोधत होता. "आता उद्या," मावशी म्हणाल्या. "उद्या नाही, आता," ती म्हणाली. दोरा पुन्हा चुकला. "ओढू नकोस एवढं," मावशींचा आवाज अचानक पोपटाशी बोलतात तसा कडक झाला. "किती ओढतेस गं! दुष्मनाचा आहे का कागद? आणि एक सांगून ठेवते आत्ताच, मागाहून म्हणू नकोस. जमेलच असं काही नाही हं तुला. हात फार पक्के झालेत तुझे. काहींना नाही जमत शेवटपर्यंत." एवढं बोलल्यावर मावशींच्या लक्षात आलं असावं आपण काय नि कसं बोललो ते, कारण त्यांचा गुडघा चोळणारा हात थांबला. पण त्यांनी ते परत घेतलं नाही.

"न जमायला काय झालंय!" ती ताडकन म्हणाली, रागाने लाल होऊन, आणि दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं.